साहेबांचा कान

उजव्या हाताचं एक बोट वर जायचं, डोळे बारीक व्हायचे आणि हुकूम सुटायचा, "गप्प! ऐकू दे." त्या वेळी कुणाला खोकला आला तर त्यानं तो गिळायचा. आमचे वर्क्स मॅनेजर ऐकत असायचे.

असा एखादा साहेब तुम्हीही पाहिला असेल. कुणाचं नाक तिखट असतं, कुणाची नजर. आमच्या साहेबांचा कान. घाटकोपरच्या आमच्या कारखान्यात विजेचे पंखे व्हायचे. प्रत्येक खेपेतले पाचसहा पंखे टेबलावर चालू करून साहेबांना ऐकवायचे आणि ते "पास" म्हणाले की माल बाहेर पडायचा. तरुणपणी ते एका कापडगिरणीत होते. "पाचशे मागांच्या खडखडाटात कुठला माग आजारी आहे ते मी डोळे मिटून सांगायचो," हे वाक्य मी त्यांचा टायपिस्ट म्हणून इतक्यांदा ऐकलं होतं, की झोपेतही टाइप केलं असतं.

त्या कानाला एकदाच कुणी उलट उत्तर दिलं. आंतोन नावाचा वर्सोव्याचा फिटर होता. साहेबांनी पास केलेल्या पंख्याजवळ तो थांबला आणि म्हणाला, "साहेब, ह्यो बारीक ओरडतो. बेरिंग बघायला पायजे."

बोट वर गेलं. "नाही ओरडत."

"ओरडतो साहेब. पायजे तर या लोकांना विचारा."

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही जमिनीकडे पाहिलं. आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता. उद्धटपणाबद्दल आंतोनला त्याच दिवशी घरी बसवलं. पत्र मीच टाइप केलं, एकही चूक न करता.

त्याच सुमारास साहेबांनी नवीकोरी डिझेल मोटार घेतली. आम्ही दोघंही अंधेरीचे, एकाच गल्लीतले. मोटार गल्लीत शिरली तेव्हा पिठाची गिरणी चालत आल्यासारखं वाटलं. खिडक्या उघडल्या, पोरं धावली. साहेब उतरून म्हणाले, "याला आवाज म्हणत नाहीत. ही ताकद आहे!" दुसऱ्या दिवसापासून मला त्यांच्या शेजारी बसून कारखान्यात जाण्याचा मान मिळाला. मान म्हणजे मरोळ ते साकीनाका गाडीची स्तुती ऐकायची आणि साकीनाका ते घाटकोपर आपण करायची.

पंधरा दिवसांनी एका रविवारी साहेबांनी बाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, आणि मला जुहूला फिरायला नेलं. वाटेत बाई म्हणाल्या, "अहो, मागे काहीतरी चिवचिवतंय."

खरंच चिवचिवत होतं. खड्डा आला की इंजिनाच्या धडधडीवर एक बारीक, टोकदार चूं चूं उमटायची, गादीत उंदराचं पिल्लू अडकल्यासारखी.

बोट वर गेलं. "काही नाही. डिझेल आहे, बोलणारच."

पण पुढच्या आठवड्यात गाडी विकणाऱ्या कंपनीचा माणूस आला, एक फेरी मारली आणि म्हणाला, "आवाज तर आहे, सर." त्यावर साहेब ताडकन म्हणाले, "आहे म्हणजे काय! मी पहिल्या दिवसापासून सांगतोय!"

मग शोध सुरू झाला. साहेब लांब पेचकसाचं टोक गाडीला लावायचे, मूठ कानाला लावायचे आणि डॉक्टरासारखे गंभीर व्हायचे. "इथे आहे." समोरची फळी निघाली. "दारात आहे." दार निघालं. सीट निघाल्या. एक आठवडा मी लाकडी खोक्यावर बसून कामाला गेलो. चिवचिव होती तिथेच होती.

खोक्यावरून मला साहेबांचा चेहरा नीट दिसायचा. तेव्हा लक्षात आलं, की बोट वर केल्यावर त्यांचे डोळे गाडीकडे नसतात, माझ्या तोंडाकडे असतात. माझ्या कपाळाला आठी पडली की ते म्हणायचे, "बघ! आला!"

मला दुष्टपणा सुचला. मरोळच्या पुढे नवं डांबर घातलेला गुळगुळीत तुकडा होता. तिथे चिवचिव बंद व्हायची. नेमकं तिथेच मी दात दुखल्यासारखं तोंड केलं.

"आला! ऐकलास?"

"हो साहेब. आज फारच मोठा."

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट मी चौघांना सांगितली होती. कँटीनमध्ये आम्ही पोट धरून हसलो. मी साहेबांसारखं बोटही वर करून दाखवलं. त्यावर एक म्हातारा जोडारी हसता हसता थांबला आणि म्हणाला, "म्हणजे आंतोन खरं बोलत होता रे." मग कुणीच हसलं नाही. चहा तसाच टाकून मी टाइपरायटरपाशी जाऊन बसलो. समोर त्या महिन्यात ग्राहकांनी परत पाठवलेल्या पंख्यांची यादी होती. ती चांगलीच लांब होती.

दुसऱ्याच दिवशी वर्सोव्याला गेलो. आंतोन भावाच्या होडीचं इंजिन खोलून बसला होता. तेही डिझेलचंच. मी सगळं सांगितलं, पत्र मीच टाइप केल्याचंही.

"तवा तू खाली बघत होतास," तो म्हणाला.

"हो."

त्यानं हात पुसले. "गाडी बघतो. पण पाया पडणार नाय."

साहेबांना तयार केलं ते बाईंनी. "तो आवाज जाईपर्यंत मी या गाडीत पाय ठेवणार नाही," असं त्यांनी जाहीर केलं होतं. रविवारी आंतोन आला. साहेब गाडी चालवायला बसले. हा मागे आडवा झाला, डोकं पार खाली घालून. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळेपर्यंत त्याचं निदान झालं. गाडी थांबवून तो खाली सरपटला, मागच्या चाकावरच्या कमानपाट्याच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, कोरड्या सांध्यात वंगण भरलं आणि बाहेर आला. बाई आणि मीही त्याच्याबरोबर आत बसलो. पुन्हा फेरी मारली. सगळे खड्डे घेतले. चिवचिव नाही.

साहेबांनी गाडी थांबवून बोट वर केलं आणि मागे वळून आंतोनच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आंतोनचा चेहरा भिंतीसारखा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड कसं करावं तेच मला कळेना. तसं बोट वर धरून ते किती वेळ बसले! शेवटी त्यांनी विचारलं, "गेला?"

"तुम्हीच सांगा ना साहेब," आंतोन म्हणाला.

साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. इतका एकटा पडलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता, आणि कँटीनमध्ये मी ज्याला हसलो तो हाच होता.

"गेला हो," बाई हळूच म्हणाल्या. मग जरा मोठ्यानं, "गेला!"

साहेबांनी गाडी सुरू केली. घराशी उतरताना ते आंतोनला म्हणाले, "उद्यापासून ये. टेबलावर पंखे तूच ऐकायचेस. असले बारीकसारीक आवाज ऐकायला मला वेळ कुठे आहे?"

माफी म्हणाल तर एवढीच. आंतोनला पुरली. मला ती फार कंजूष वाटली, पण माफीच्या बाबतीत मी स्वतः काय उदारपणा दाखवला होता? पंखे परत येणं थांबलं, आणि त्याचं श्रेय साहेबांनी वार्षिक सभेत स्वतःकडे घेतलं. आंतोननं टाळ्या वाजवल्या.

साहेब निवृत्त होऊन मुलाकडे मुलुंडला राहायला गेले. काही वर्षांनी ते गेल्याचं कळलं, तेव्हा मी बाईंना भेटायला गेलो. सांत्वनाचं काहीतरी बोलू लागलो, तर त्या म्हणाल्या, "शेवटची दोन वर्षं त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. कबूल मात्र केलं नाही."

"तुम्हाला फार जड गेलं असेल."

"छे रे. रोज दुपारी मी त्यांना समोर बसवायचे आणि बोलायचे. तीस वर्षांत जे जे बोलायची हिंमत झाली नव्हती ते सगळं तोंडावर सांगून टाकलं. ते आपले मान डोलवायचे, 'बरोबर आहे, बरोबर आहे' म्हणायचे."

त्यांनी पदरानं डोळे टिपले.

"आता दुपार खायला उठते बघ," त्या म्हणाल्या.