चार आठवडे का साडेसहा

आबांच्या घशातली गाठ मुगाच्या दाण्याएवढी होती आणि ती नेमकी स्वरयंत्राच्या पट्टीवर बसली होती. लवकर सापडली आहे, विजेच्या शेकानं जाईल, असं डॉक्टर म्हणाले. मी ते आबांना समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "लग्नाच्या आदी आवाज येईल का?"

लग्न माझं होतं. वैशाखातल्या एका रविवारी, आमच्या गावात, आखाडा बाळापूरपासून चालत तासाभरावर. आबा कळमनुरीच्या शाळेत शिपाई होते, पण तालुका त्यांना ओळखायचा तो लग्नं लावणारा माणूस म्हणून. आमच्या लोकांत बौद्ध पद्धतीनं लग्नं लागायला लागली तेव्हापासून निम्म्या मांडवांत वंदना आबांचीच. पैसे घेत नसत, पण घाईही खपवून घेत नसत. बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाण्याचं त्रिसरण तीनदा म्हणायचं असतं. उन्हानं कासावीस झालेलं वऱ्हाड एकदाच म्हणून मोकळं व्हायला बघायचं. आबा थांबायचे, सगळ्यांवरून नजर फिरवायचे आणि म्हणायचे, "एकदा म्हनलं ते नुसतं तोंडानं म्हनलं. अजून दोनदा राहिलं." अन् दोन्ही वेळा पूर्ण म्हणून घ्यायचे. माझ्या लग्नाची वंदना आपणच म्हणणार, हे त्यांनी मी चौथीत असल्यापासून सांगून ठेवलेलं होतं.

निजाम जाऊन किती वर्षं झाली होती, तरी मोठं दुखणं म्हटलं की आमची माणसं हैदराबादचीच गाडी धरत. मी नुकतीच प्राथमिक शाळेत मास्तरीण म्हणून लागले होते. रजा काढली आणि आबांना घेऊन गेले. आई शेळ्यांपाशी राहिली. माझ्याकडे स्टोव्ह, पिठाचा डबा आणि आबांची पाटी होती. बोलायचं नाही, घशाला आराम द्यायचा, असा डॉक्टरांचा हुकूम होता, म्हणून आबांनी शाळेतली एक पाटी मागून आणली होती. माझ्याशी ते पाटीवर बोलत. अक्षर मोठं आणि रागीट होतं.

तिथंच आम्हाला नाईककाका भेटले. डोंगरकड्याकडच्या एका तांड्याचे ते नाईक. तांड्यातली भांडणं त्यांच्या बोलण्यावर मिटायची आणि तेच बोलणं घोगरं झालं होतं. दुखणं तेच, जागा तीच, वयही आबांच्या आसपासचं. दोघंही उंच, सडसडीत, पांढरं धोतर, डोक्याला पांढरा रुमाल. धर्मशाळेत आमच्या शेजारची खोली त्यांना मिळाली.

डॉक्टरांनी दोघांना एकदमच समोर बसवलं. इलाज दोन तऱ्हेनं देता येतो, म्हणाले. एक, रोज थोडा थोडा, साडेसहा आठवडे. दुसरा, रोज जरा जास्त, पण चारच आठवडे. कोणाला कोणता, हे पाकिटातल्या चिठ्ठीवर ठरणार. मी विचारलं, "पण चांगला कोणता?"

"कौनसा अच्छा, ये हमको भी नहीं मालूम, बेटी," डॉक्टर म्हणाले. "इसीच वास्ते तो चिठ्ठी निकालते."

खरं सांगते, डॉक्टरला माहीत नसतं हे मला माहीत नव्हतं. आणि नसलंच, तर ते असं हसून सांगतात हे तर मुळीच नाही. मी दोघांना सांगितलं की एकाला वाफ्याला रोज कळशीभर पाणी मिळेल आणि दुसऱ्याला दोन कळशा, पण थोडे दिवस. सांगताना मलाच कळेना की मी समजावते आहे का लपवते आहे. आबांनी पाटीवर लिहिलं, 'दोन्ही बराबर, मग निवडायचं काहून?' दोघांनी कागदावर अंगठे उठवले. आबांना सही येत होती, पण त्या दिवशी त्यांनीही अंगठाच दिला. का, ते मी विचारलं नाही.

पाकिटं उघडली. आबांना साडेसहा आठवडे निघाले, नाईककाकांना चार.

मी बोटांवर हिशेब केला. चार आठवडे मिळाले असते तर लग्नाआधी सगळं आटोपत होतं. साडेसहात लग्न मधेच येत होतं. शनिवार-रविवार शेक बंद असायचा, म्हणजे आबा लग्नाला येऊ शकत होते, पण शेकानं सोलवटलेला घसा घेऊन. आबांनी हा हिशेब माझ्याआधीच केला असणार.

नाईककाकांची तऱ्हा उलटी. ते रात्रंदिवस कुढत होते. "आमच्या तांड्याले समदं अर्धंच भेटते," ते मला म्हणाले. "राशन अर्धं, रस्ता अर्धा. आता इलाज बी अर्धाच देऊन राहिले. तुज्या बापाले पुरा, मले अर्धा."

"काका, तुम्हाला रोज जास्त देतात," मी म्हटलं.

"कोनं मोजलं ते? दिवस तर मले दिसतात."

दिवस मलाही दिसत होते. मशीन कुणालाच दिसत नव्हतं. आत माणूस एकटा निजायचा, दारावर लाल दिवा लागायचा, दिवा विझला की माणूस बाहेर यायचा, तसाच्या तसा. मानेवर जांभळ्या शाईचा चौकोन, तो धुवायचा नाही. दोघांचे चौकोनही सारखेच.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी नेहमीचा शेक देणारा माणूस सुटीवर गेला आणि चेहरे न ओळखणारा नवा आला. त्या सकाळी बाकावर बसले असताना मला आबांच्या हातातलं, शेक किती द्यायचा ते लिहिलेलं कार्ड दिसलं. आबांच्या कार्डावर हळदीचा डाग होता, माझ्याच हातचा. हातातलं कार्ड बिनडागाचं होतं. डागाचं कार्ड नाईककाकांच्या मांडीवर होतं आणि ते भिंतीवरच्या घड्याळाकडे फार लक्ष देऊन बघत होते.

मी उठले. आबांनी झटकन पाटी पुढं केली. त्यावर आधीच लिहून ठेवलं होतं, 'बस. दोघांच्या राजीखुशीनं.'

मी बसले. आज कुणी विचारलं की मी बसलेच का, तर मला सांगता येत नाही. आपले आबा, जे कुणालाही एकदाच म्हणून सुटू देत नाहीत, ते चारच आठवड्यांत सुटायला बघताहेत आणि तेही माझ्यासाठी, हे पाहून मला राग आला, लाज वाटली आणि आनंदही झाला. तिन्ही एकदम. दोघंही आपापल्या परीनं शहाणपण करत होते. एकाला दिवस कमी हवे होते, दुसऱ्याला जास्त. अदलाबदल केली, कुणाचं काय गेलं? डॉक्टरच म्हणाले होते ना, त्यांना माहीत नाही म्हणून?

शिपायानं नाईककाकांचं नाव पुकारलं. आबा उठले, रुमाल सारखा केला आणि दाराकडे निघाले. दारात पोचले आणि मी ओरडले. काय ओरडले तेही आठवत नाही. नव्या माणसानं कार्ड पाहिलं, आबांकडे पाहिलं आणि डॉक्टरांना बोलावून आणलं.

डॉक्टर रागावतील असं वाटलं होतं. ते बाकावर आमच्या शेजारी बसले. म्हणाले, कुणाला चिठ्ठी नको असेल तर पहिल्या दिवशी सांगायचं, मी बदलून दिलं असतं. पण इतके दिवस हा आणि आता तो, अर्धा या तऱ्हेचा आणि अर्धा त्या तऱ्हेचा, असं केलं की तो कुठलाच इलाज राहत नाही. एकाला कमी पडेल, दुसऱ्याचा घसा जळेल. हे मी दोघांना मराठीत सांगितलं. नाईककाकांनी मान खाली घातली. आबांनी पाटी पुसली.

त्यानंतर त्यांनी पाटीवर काही लिहिलं नाही. 'पाणी' नाही, 'भाकर' नाही. बोलायचं तर नव्हतंच, तो डॉक्टरांचा हुकूम. त्यामुळे हे गप्प राहणं हुकमाचं होतं का माझ्यावरच्या रागाचं, हे मला कळायला मार्ग नव्हता. मी भाकरी वाढायचे, ते ताकात कुस्करून गिळायचे. मी कोऱ्या पाटीकडे बघायचे. नाईककाका चार आठवडे भरल्यावर गावी गेले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पुटपुटले, "तुजं चुकलं न्हाई, लेकी." पण ते मला आबांकडून हवं होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही गाडीनं आलो. आबांची मान काळवंडली होती, आवाजाच्या जागी नुसता वारा होता. बाळापूरच्या एका गुरुजींना वंदनेला बोलावलं. नाईककाका तांड्याची चार माणसं घेऊन आले आणि मला आशीर्वाद द्यायला तोंड उघडलं, तर त्यांच्याही तोंडून वाराच आला. शेक संपून दहा-बारा दिवस झाले होते आणि घसा आधीपेक्षा वाईट होता. म्हणजे आबांना चार आठवडे मिळाले असते तरीही लग्नात आवाज नसताच. मला केवढं हलकं वाटलं, आणि लगेच त्या हलकं वाटण्याची शरम वाटली.

गुरुजींना उन्हाची घाई होती. त्यांनी त्रिसरण एकदाच म्हटलं आणि पुढं गेले. आबा मांडवाच्या खांबाशी उभे होते. त्यांनी हात वर करून दोन बोटं दाखवली. गुरुजींना वाटलं, म्हातारा आशीर्वाद देतोय. ते हसले आणि पुढचं म्हणू लागले. टाळ्या वाजल्या, फुलं पडली. आबांची बोटं बराच वेळ वरच होती.

रविवारी रात्रीच्या गाडीनंच आबा परत हैदराबादला गेले, या वेळी आईला घेऊन. बाकीचे दिवस पुरे केले. पुढं दोघांचीही गाठ गेली. नाईककाका तांड्यात पुन्हा भांडणं मिटवू लागले. कोणती तऱ्हा सरस ठरली, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही शोधलं नाही. माझ्यापुरता निकाल अडलेला होता तो एका कोऱ्या पाटीवर.

भादव्यात ज्वारी पोटऱ्यात आली होती तेव्हा एका दुपारी आबा माझ्या सासरी आले. पाणी घेतलं, पण बसले नाहीत. मला आणि माझ्या नवऱ्याला अंगणात शेजारी उभं केलं, हात जोडायला लावले. मग घसा साफ केला. आवाज पहिल्यासारखा नव्हता, जाडसर झाला होता, पण आवाज होता. त्यांनी त्रिसरण म्हटलं आणि आम्हाला म्हणायला लावलं. ते दुसऱ्यांदाचं होतं. मग तिसऱ्यांदाचं म्हटलं. शेजारच्या बायका कुडावरून बघत होत्या.

झाल्यावर त्यांनी रुमालानं मान पुसली, जिथं तो चौकोन होता तिथं.

"दोनदा राहिलं होतं," आबा म्हणाले. "आता लागलं तुजं लग्न."