बागेच्या साड्या कुणी काढल्या

वळण घेतलं आणि मी ब्रेक दाबला. बाग उघडी पडली होती.

आदल्या आठवड्यात मी याच वाटेनं गेले होते, तेव्हा दोन्ही कडांना डोक्याएवढ्या उंचीच्या साड्या बांधलेल्या होत्या. जुन्या, विटलेल्या, काठ उसवलेल्या साड्या, एकीला एक गाठ मारून पार टोकापर्यंत नेलेल्या. आता तिथं बांबू रोवले होते आणि बांबूंवर आमच्या क्लायंटचे नारिंगी झेंडे फडकत होते. साड्या चारीत फेकल्या होत्या. चारी म्हणजे शेताला पाणी नेणारा छोटा पाट. चिखलात त्यांचा लगदा झाला होता.

मी रूट डायरेक्टर आहे. सायकलच्या मोठ्या राइड भरवणाऱ्या पुण्यातल्या एका कंपनीसाठी मी तेव्हा रस्ते शोधायचे. राइडचा खर्च उचलून तिच्यावर आपली जाहिरात करणारा ब्रँड म्हणजे आमचा क्लायंट. हल्ली ग्रॅव्हल राइडना फार मागणी आहे. ग्रॅव्हल म्हणजे खडी, मुरूम, माती, थोडक्यात कच्चा रस्ता. या सायकलींचे टायर रेसिंग सायकलपेक्षा जाड आणि डोंगरी सायकलपेक्षा बारीक असतात. असे रस्ते नकाशात धड सापडत नाहीत. स्वतः सायकल चालवत, लोकांना विचारत शोधावे लागतात. त्याला आम्ही रेकी म्हणतो. माझी निम्मी रेकी लोकांच्या ओट्यावर चहा पिण्यात जाते.

हा लूप मी मन लावून आखला होता. नारायणगावातून निघायचं, टोमॅटो आणि उसाच्या शेतांमधून द्राक्षबागांत शिरायचं, मग जंगलातली चढण, पलीकडं घोडेगावच्या अंगाला उतरायचं आणि अवसरी बुद्रुकच्या शिवारातून वळसा घेऊन परत नारायणगाव. जंगलाच्या तुकड्यासाठी वनखात्याची रीतसर परवानगी माझ्या नावानं काढली होती. बागेतली वाट मात्र खासगी होती. तिथली परवानगी म्हणजे मंगलताईंचा शब्द.

मंगलताई आणि त्यांचे मिस्टर ही बाग करतात. जंबो जातीची काळी द्राक्षं, एक्स्पोर्टला जाणारी. काळ्या द्राक्षावर पांढुरकी, मेणासारखी पूड असते. बागायतदार तिला लस्टर म्हणतात. ती शाबूत असली तर माल ताजा समजतात. आणि गंमत अशी की त्यावर धूळ बसली तर ती पुसता येत नाही. पुसायला गेलं की धुळीबरोबर लस्टरही जातं. म्हणून वाटेच्या कडेनं साड्या. धूळ साडीवर बसते, घडावर नाही.

मंगलताईंनी मला हे समजावून सांगितलं होतं आणि मग अट घातली होती.

"सायकली न्या. पण गाडी एकबी न्हाई आली पायजे. तोडणी तोंडावर आलीया."

"एकही येणार नाही, ताई. माझा शब्द."

हा शब्द मी ऑफिसात मेल करून सगळ्यांना कळवलाही होता.

मी तिथूनच आमचे डायरेक्टर निनाद यांना फोन लावला.

"बागेतल्या साड्या कुणी काढल्या?"

"अरे हो, क्लायंटची क्रिएटिव्ह टीम आली होती काल. ड्रोन शॉट्स घेतले. थोडं क्लीनअप केलं म्हणे."

"क्लीनअप?"

"फ्रेम क्लीन हवी होती त्यांना. इश्यू काय आहे?"

इश्यू माझ्या पायाखाली होता. वाटेवर जीपच्या टायरांच्या खुणा होत्या, एकावर एक, जाऊन वळून पुन्हा आलेल्या. कडेच्या ओळींतले घड मी जवळून पाहिले. काळे राहिलेच नव्हते. मातकट झाले होते.

मी साड्या चारीतून ओढून काढल्या, सायकल तिथंच टाकली आणि हाकेच्या अंतरावरच्या घराकडं निघाले. मंगलताई दारातच होत्या. मला पाहून उठल्या नाहीत. एरवी सायकल लांबून दिसली की चहाचं आधण ठेवणारी बाई.

"ताई, तुमी म्हणला व्हता, नुसत्या सायकली. मग त्या जीपा कुणाच्या?"

"आमच्याच लोकांच्या. मला न विचारता आले. मला आत्ता कळलं."

"आमी समदी घोडेगावला गेलो व्हतो, तहसिलीत काम व्हतं. आलो तर ह्ये असं. सकाळी पॅकहाऊसचा माणूस येऊन गेला." पॅकहाऊस म्हणजे एक्स्पोर्टची द्राक्षं निवडून पेट्या भरतात ती जागा. तिथला माणूस तोडणीआधी बाग बघायला येतो. "कडंच्या वळी नगं म्हणला. आतला माल घेतो म्हणला."

मंगलताईंनी माझ्या हातातल्या ओल्या साड्यांकडं पाहिलं.

"ती हिरवी माझ्या मोठ्या जावंची. ती गेली. साडी तेवढी राहिली व्हती, म्हनलं बागंला ऱ्हाऊ दे."

त्यांचे मिस्टर आतून म्हणाले, "आता ह्यांच्याशी बोलून काय फायदा?"

"बोलायचं न्हाई," मंगलताई म्हणाल्या. "ज्यानं काढल्या त्यानं येऊन बांधाव्यात. एवढंच सांगा त्यास्नी."

दुपारी नारायणगावातल्या एका मंगल कार्यालयात शेवटची मीटिंग होती. राइड परवावर आली होती. निनाद होते, क्लायंटचा मार्केटिंग हेड करण होता. करण मुंबईहून आला होता, अंगावर नवीकोरी सायकलिंग जर्सी. मी मंगलताईंचा निरोप शब्दशः सांगितला. करण हसला.

"लिटरली आम्ही जाऊन साड्या बांधायच्या?"

"हो."

"मॅडम, त्या साड्यांनी सगळी फ्रेम जात होती. जुने कपडे वाळत घातल्यासारखं दिसत होतं. प्रीमियम फील येत नव्हता."

"त्या कशासाठी बांधल्यात, कुणाला विचारलंत?"

"पक्ष्यांसाठी वगैरे असेल असं वाटलं."

"विचारलंत का?"

"तिथं कुणी नव्हतं."

"घरी कुणी नसलं तर तुमच्या फ्लॅटचे पडदे मी काढून नाल्यात टाकले तर चालेल?"

निनाद मधे पडले. "वैशाली, इमोशनल होऊ नकोस."

इमोशनल हा शब्द माझ्या वाट्याला नेमका कधी येतो, हे मला इतक्या वर्षांत पाठ झालंय. माझं म्हणणं बरोबर असतं आणि समोर उत्तर नसतं, तेव्हा.

करणकडं मात्र उपाय होता. "आपण त्यांना स्टेजवर बोलावू. शाल, श्रीफळ, फोटो. लोकल कम्युनिटी कनेक्टही होईल."

माझं डोकं फिरलं. बाईचा वर्षभर जपलेला माल धुळीत घालायचा आणि वर तिला शाल पांघरवून स्वतःचाच फोटो काढायचा. मी आवाज चढवला नाही. चढवला असता तर पुढची चर्चा माझ्या आवाजावर झाली असती.

"राइड बागेतून जाणार नाही," मी म्हटलं.

"बाग पोस्टरवर आहे," करण म्हणाला.

"पोस्टरवर राहू दे. रूटवर नसेल."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. राइडच्या आदल्या दिवशी सगळ्या सायकलस्वारांना रूटची फाइल पाठवतात. ती सायकलवरच्या छोट्या स्क्रीनवर उघडते आणि लोक तिच्यातल्या रेषेमागं जातात. ती फाइल मी बनवते, आणि रस्ता सुरक्षित आहे म्हणून माझं नाव लागल्याशिवाय ती सुटत नाही. प्रत्येक अवघड तुकड्याला मी एक पर्यायही शोधून ठेवते. बागेला पर्याय होता कालव्याकडेचा रस्ता. रुंद, सरळ, कंटाळवाणा.

"इव्हेंट माझा आहे, वैशाली," निनाद म्हणाले.

"रूट माझा आहे. दुसऱ्या कुणाच्या नावानं सोडायचा असेल तर सोडा. जंगलाची परवानगीही मग त्यांच्याच नावानं नव्यानं काढा."

निनाद म्हणाले, "पुढच्या सीझनला तुझं काय करायचं ते बघू."

"बघा."

मी परत बागेत गेले. एकटीच. मंगलताईंना खरं ते सांगितलं की कुणी येणार नाही, आणि राइडही इथून जाणार नाही. चारीच्या कडेला बसून साड्या खळबळायला घेतल्या. त्या उभ्या राहून बघत होत्या.

"तुमी काढल्या न्हाईत. मग तुमी कशापाई बांधता?"

"शब्द मी दिला होता."

त्यांनी साडीचं दुसरं टोक धरलं आणि पिळायला लागल्या. त्यांचे मिस्टर झेंड्यांचे बांबू उपटत गेले, आम्ही मागून गाठी मारत गेलो. मला गाठ जमत नव्हती. वाऱ्यानं सुटायची. मंगलताई माझी प्रत्येक गाठ सोडून पुन्हा मारत होत्या. चहा त्या दिवशी झाला नाही, आणि मी त्याची अपेक्षाही केली नाही.

राइड व्यवस्थित पार पडली. कालव्याच्या रस्त्यावर चारदोन जणांनी बाग कुठं आहे म्हणून विचारलं, जंगलातली चढण लागल्यावर विसरून गेले. खरा धक्का नंतर बसला. क्लायंटनं व्हिडिओ टाकला. त्यात तीच उघडी बाग, झेंडे, ड्रोनमधून दिसणाऱ्या हिरव्या ओळी, आणि खाली लिहिलं होतं, ‘अनटच्ड महाराष्ट्र’. स्पर्श न झालेला महाराष्ट्र. ज्या बागेला हात लावून त्यांनी तिची वाट लावली, तिच्याच व्हिडिओखाली हे.

मी मंगलताईंना विचारून त्यांच्या वतीनं हरकत पाठवली. बाग त्यांची, शूटिंगची परवानगी कुणी घेतली नव्हती, व्हिडिओ काढा आणि नुकसान भरून द्या. उत्तर येईना. मी पाठपुरावा सोडला नाही. शेवटी व्हिडिओ उतरला आणि भरपाईही मिळाली. सोबतच्या मेलमध्ये ‘गुडविल’ हा शब्द होता. ‘चूक’ नव्हता. मंगलताईंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "म्हंजी त्यांनी काय केलंच न्हाई व्हय?"

साड्या बांधायला मात्र कुणी आलं नाही.

पुढच्या सीझनला निनादचा फोन आला नाही. मीही केला नाही. आता मी स्वतंत्रपणे रूट आखते. माझ्या करारात एक कलम असतं: रूटवरची कुठलीही वस्तू फोटोसाठी हलवायची असल्यास आधी तिच्या मालकाला विचारावं. करार तपासणाऱ्या माझ्या वकिलानं ते खोडायला घेतलं होतं. म्हणाला, हे काय लिहायचं, एवढं तर कुणालाही कळतं.

मी म्हटलं, राहू द्या.