घरमालकीणबाईंची फुलपाखरं

स्वतःच्याच परसातल्या कढीपत्त्याचं एक पान तोडायला जिचा हात धजावला नाही, अशी बाई अख्ख्या मावळात आमच्या घरमालकीणबाईंखेरीज दुसरी नसेल. वराळ्यात आम्ही त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचो आणि त्यांना मावशीच म्हणायचो. आमटीला लागणारा कढीपत्ता मावशी बाजारातून विकत आणत, कारण परसातल्या झाडावर फुलपाखरांच्या अळ्या असत. फाल्गुन लागला की त्या अळ्यांची देखरेख हाच त्यांचा संसार. एकदा बायकोने पोह्यांसाठी चार पानं खुडली, तर मावशी कमरेवर हात ठेवून दारात उभ्या. "अगं, लेकरांच्या पुढ्यातलं ताट वढलंस की!" त्या दिवशी आम्ही पोहे खाली मान घालून खाल्ले. चतुर किड्यांचा थाट तर त्याहून मोठा. कपड्यांच्या तारेवर एखादा लाल चतुर येऊन बसला की तो आपणहून उठेपर्यंत धुणं बादलीतच. मी कित्येकदा ओलसर शर्टानं घोरावाडी स्टेशनवर गाडी पकडली आहे. लोणावळ्याला मावशींच्या भाच्याच्या लग्नाला गेलो, तर ऐन अक्षता पडताना मावशी गायब. कार्यालयामागच्या तळ्याकाठी चतुर बघत बसलेल्या सापडल्या. "नवरा-नवरी काय, घरी बी दिसत्याल," म्हणाल्या.

यंदा चैत्रात त्यांच्या मुलाने मोटार घेतली आणि ती उभी करायला परसातली जागा लागली. "आई, दुसरं झाड कुंडीत लावू," तो समजुतीनं म्हणाला. मावशी भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "कोष लागल्यात. पाखरं उडंस्तवर थांब." तो हो म्हणाला खरा, पण सिमेंटचं काम करणारा थांबायला तयार नव्हता. एका दुपारी मावशी दळण घेऊन परतल्या, तेव्हा झाड आडवं झालं होतं. मुलगा शेजारी उभा होता. त्यांनी कोष असलेल्या डहाळ्या निवडून काढल्या आणि स्वयंपाकघरात तांब्यांत पाणी घालून लावल्या. घरातले सगळे तांबे त्यातच अडकले. मुलगा कितीतरी दिवस बिनतक्रार नळाला ओंजळ लावून पाणी प्यायला.

मग एका सकाळी मावशींनी आम्हाला हाक मारली. एक कोष उकलला होता आणि काळं-पिवळं फुलपाखरू ओले पंख वाळवत डहाळीला लटकलं होतं. पंख ताठ झाल्यावर त्यांनी खिडकी उघडली. ते बाहेर गेलं, नव्या सिमेंटवर घिरट्या घालून परत आलं आणि खिडकीच्या गजावर बसलं.

"जा बाबा," मावशी हळूच म्हणाल्या, "हितं आता काय न्हाई."

ते उडाल्यावर त्यांनी खिडकी लावून घेतली आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "पोरी, चहा टाकतीस का? माझ्यानं आज व्हायचं न्हाई."