बोर्डावरचे काका

काकांनी मला मदत केली, हे आधीच सांगून ठेवते. कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, ही कसली मदत? मीही आठ दिवस तेच म्हणत होते.

काका माझे कुणी सख्खे नव्हेत. मिशिगनमध्ये, नोव्हायला, माझ्या ताईच्या घरापासून चार घरं सोडून राहायचे. गाड्यांचे सुटे भाग बनवणारं त्यांचं एक लहानसं शॉप होतं. कुणी काही सांगायला गेलं की चष्मा कपाळावर सरकवून आधी विचारायचे, "कागद वाचलास का?" मग तो कागद फ्रिजच्या वॉरंटीचा असो की लग्नाच्या पत्रिकेचा. एकदा मराठी मंडळाच्या पिकनिकचं पत्रक शेवटपर्यंत वाचून म्हणाले, "सगळं छान आहे, पण पाऊस आला तर काय करायचं, ते लिहिलेलं नाही." त्या दिवशी पाऊस आला. मंडळाचे लोक काकांवरच चिडले.

ताईनं माझ्या ग्रीनकार्डासाठी अर्ज केला त्यानंतर अकरा-बारा वर्षांनी माझा नंबर लागला आणि मी इथं आले. नववीत आईच्या आजारपणात शाळा सुटली होती, ती सुटलीच. इथं आजूबाजूला सगळे इंजिनियर. हळदीकुंकवाला कुणी शिक्षण विचारलं की मी "पाणी आणते" म्हणून स्वयंपाकघरात पळायचे. ताई म्हणायची, "अगं, किती पाणी पाजशील लोकांना?"

काकांच्या शॉपमध्ये पॅकिंगला माणूस हवं होतं. फॉर्मवर शिक्षणापुढं पेन अडलं, मग मी 'बारावी' लिहिलं. काकांनी फॉर्म पाहिला.

"कागद वाचलास का? खाली बारीक अक्षरात लिहिलंय, खोटी माहिती आढळली तर कामावरून काढू. आता मी चहा करायला जातो. माझा चहा सावकाश होतो."

चहा घेऊन आले तेव्हा फॉर्मवर 'नववी' होतं. त्यांनी तो न बघताच फायलीत ठेवला. त्यांनी न वाचलेला कागद मला तरी तेवढा एकच माहीत आहे.

आता बोर्डाचं सांगते. आमच्या काउंटीत एक बोर्ड होतं. कामधंद्यासाठी शिक्षण द्यायला सरकारकडून जो पैसा येतो, तो कुठल्या वर्गांवर खर्चायचा, रोजगार केंद्रं नीट चालतात की नाही, शिकलेल्यांना पुढं काम लागतं की नाही, हे सगळं ते बोर्ड बघायचं. निम्म्याहून जास्त माणसं कारखाने-दुकानंवाली, बाकी युनियनची, कॉलेजची. पगार कुणालाच नाही. काका त्यातले एक. मीटिंगच्या आधी जाडजूड गठ्ठा घरी यायचा. डबा खाताना काका तो वाचायचे, आणि पानांना लोणच्याचा वास लागायचा.

एकदा तर ते जुनं जॅकेट घालून, न सांगता, रोजगार केंद्रात जाऊन बसले. लोकांना कसं वागवतात ते बघायला. तिथल्या मुलीला वाटलं, म्हातारबाबांची नोकरी गेली. तिनं त्यांना अर्ज कसा लिहावा या दोन तासांच्या वर्गात बसवलं. काका पूर्ण बसले. दुसऱ्या दिवशी शॉपमध्ये मला म्हणाले, "मुलगी गुणी आहे. पेन्सिली मात्र बोथट. आणि माझा अर्ज असा झालाय ना, मीच मला नोकरीवर ठेवलं असतं."

त्याच केंद्रात शाळा सुटलेल्या मोठ्या माणसांसाठी संध्याकाळचा वर्ग होता. तिथली परीक्षा दिली की शाळा पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट. ते असलं की पुढं हॉस्पिटलात रक्त काढण्याचं काम शिकता येत होतं. काकांनीच तो कागद माझ्यापुढं सरकवला. मी सप्टेंबरात जायला लागले. बाकी विषय जमत होते, गणितानं मात्र रडवलं. उन्हाळ्यात परीक्षा द्यायची ठरलं.

आणि फेब्रुवारीत, डबा खाताना, काका वाचता वाचता थांबले. गाड्यांच्या कारखान्यांत लेऑफ सुरू झाले होते. बोर्डापुढं ठराव येणार होता: संध्याकाळचा वर्ग मार्चअखेर बंद, तो पैसा लेऑफ झालेल्या कामगारांच्या नव्या शिक्षणाला.

मी डबा झाकला. म्हटलं, "पण काका, तुम्ही आहात ना तिथं!"

"मी असून नसल्यासारखा. तू माझ्याकडं कामाला आहेस. त्या विषयाला मी बाहेर जाणार."

"बाहेर?"

"बाहेर. पण मीटिंगमध्ये कुणालाही उठून तीन मिनिटं बोलता येतं. तू बोल."

इंग्रजीत! चौदा-पंधरा साहेबांपुढं! रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत काका शॉपमधलं स्टॉपवॉच घेऊन समोर बसायचे. मी लिहून आणलेल्यातले सगळे 'प्लीज' त्यांनी खोडले. 'मी गरीब बाई आहे' हेही खोडलं.

"अगं, बोर्ड दया वाटत नाही, शिक्षण वाटतं. तुला काय हवं, कशासाठी, कधीपर्यंत, एवढं सांग. आणि रडायचं नाही. रडलीस तर एक मिनिट त्यातच जातं."

"आलंच रडू तर?"

"तर पहिल्या मिनिटात रड. महत्त्वाचं शेवटी ठेवलंय."

मीटिंगच्या दिवशी ठराव आला तसे काका उठले. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, अशा बाबतीत बाहेर जायची सक्ती नाही, तुमचा यात काही फायदा नाही. काका म्हणाले, "नियमाला चालत असेल. मला चालत नाही." आणि दार हळू ओढून घेऊन गेले. दाराच्या काचेतून त्यांचं टक्कल तेवढं दिसत होतं.

मी बोलले. काय बोलले ते आज धड आठवत नाही. एवढं आठवतं की शेवटचं वाक्य होतं, मला परीक्षेपर्यंत चार महिने द्या. रडले नाही. मतं पडली. वर्ग बंद करा म्हणणारे सात, करू नका म्हणणारे सात. बरोबरीत ठराव पडतो, असं अध्यक्षीणबाईंनी सांगितलं. मला दोनदा विचारावं लागलं, तेव्हा कळलं की वर्ग राहिला.

परतताना गाडीत मी काकांना म्हटलं, "तुमचे उपकार कसे फेडू?"

ते रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "तुला खरं ते सांगतो. मी आत असतो तर वर्ग बंद करायच्या बाजूनं हात वर केला असता."

तुम्हीच सांगा, काय वाटलं असेल मला? म्हणजे त्यांच्या एका हातानं माझी शाळा दुसऱ्यांदा सुटली असती!

"आपला मशीनवाला जिम, त्याला मी गेल्या महिन्यात कामावरून काढलं," ते म्हणाले. "पन्नाशीचा माणूस, तीन मुलं, दुसरं काही येत नाही त्याला. पैसा एकच आहे. मी दोन्ही कागद वाचले. मला त्याचं पारडं जड वाटलं."

"मग मला शिकवलंत कशाला?"

"तुझी बाजू कुणी नीट मांडत नव्हतं म्हणून. अर्धवट मांडलेली बाजू पाडायची, याला निर्णय म्हणतात होय?"

आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. खोकी भरायची, टेप लावायची, घरी जायचं. नवव्या दिवशी जिम शॉपमध्ये त्याचं हत्यारांचं कपाट रिकामं करायला आला. वर्ग राहिला म्हणून त्याचं शिक्षण कायमचं हुकलं असं नव्हे, त्याची पाळी नंतर आली. पण त्या दिवशी ते कुणाला ठाऊक होतं? तो कपाट पुसत होता आणि काका शेजारी उभं राहून एकेक पाना त्याच्या हातात देत होते. मी चहा केला, तिघांचा. काकांना कप देताना म्हटलं, "घ्या." तेवढंच. ते म्हणाले, "साखर जास्त झालीय." तेवढंच.

जूनमध्ये मी पास झाले. सर्टिफिकेट नेऊन दाखवलं तर काकांनी ते पुढून वाचलं, मग उलटं करून मागून बघितलं. "मागं काही नाही ना लिहिलेलं? मग झालीस तू पास." आणि चष्मा पुसायला म्हणून जे आत गेले, ते बराच वेळ आले नाहीत.

पुढं शॉपच बंद झालं. बोर्डावरची त्यांची जागा कारखानदाराची. कारखाना नाही, तर जागेवर हक्क नाही, म्हणून त्याच आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला. कुणी मागितला नव्हता. मग ते मुलीकडं टेक्सासला, फ्रिस्कोला गेले. त्यांच्या घरात आता दुसरं कुटुंब राहतं. मी तिथून जाताना अजून वेग कमी करते. हॉस्पिटलातली रक्त काढायची पाळी संपली की माझा घरचा रस्ता तोच आहे.

गेल्या महिन्यात केंद्रातल्या बाईंनी मला सांगितलं, बोर्डावर कामगारांच्या बाजूची एक जागा रिकामी व्हायची आहे, तू अर्ज का नाही करत? फॉर्म घरी आणलाय. शिक्षणाच्या रकान्यापाशी अजूनही पेन अडतं, काका. अजून भरला नाही. पण भरेन. यंदा नाही तर पुढच्या खेपेला, एक दिवस त्या टेबलाशी बसेन. आणि समोर उठून उभं राहिलेलं माणूस मला पटो न पटो, त्याची तीन मिनिटं पुरती ऐकूनच हात वर करेन. तुमचं देणं मी असंच फेडणार आहे.