शेंदरी टोपीवाल्याची जोडी

दुसऱ्याच्या चुकीवर इतका जीव लावणारा माणूस अख्ख्या जर्मनीत माझ्या मामेसासऱ्यांखेरीज दुसरा झाला नसेल. हायडेलबर्गला छपाईच्या यंत्रांवर त्यांची हयात गेली. युरोच्या नव्या नोटा आल्या तेव्हा लोक त्या मुकाट्याने पाकिटात घालत होते आणि हे बेकरीच्या रांगेत भिंग लावून उभे! माझ्या लग्नाची पत्रिका पाहून त्यांनी दिलेला आशीर्वाद असा: "गणपतीचा लाल अर्ध्या केसाने सरकलाय. बाकी मुलगी चांगली आहे."

त्यांचा खरा संसार मात्र जुन्या बेसबॉल कार्डांशी. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत सिगारेटच्या पाकिटात घालत ती शिळाछापाची इवलीशी चित्रं, एकेक रंग वेगळ्या दगडावरून चढवलेला. कायझर्सलाउटर्नच्या अमेरिकन छावणीतली माणसं मायदेशी निघाली की फ्लोमार्क्टात, म्हणजे जुन्या बाजारात, अडगळ विकायला मांडत आणि मामा पहिल्या गाडीने जाऊन ती उपसत. बेसबॉलचा सामना त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांना हवं असे एकाच खेळाडूचं तेच चित्र दोनदा, आणि त्यात फरक. एकाची कॉलर निळी, तर दुसऱ्यावर निळा चढवायचाच राहिलेला, असं काही सापडलं की स्वारी आठवडाभर खूश. "सारखी दोन चित्रं छापलीच जात नाहीत, बघणारा आळशी असतो," म्हणायचे. फक्त शेंदरी टोपीवाल्या एका खेळाडूच्या जोडीपुढे त्यांनी हात टेकले होते. वीस वर्षं बघूनही फरक सापडेना.

मग मधुमेह डोळ्यांत उतरला. आम्हाला ते कळलं गणेशोत्सवात. इथल्या मराठी मंडळाच्या पत्रिकेवर सोंडेला चक्क हिरवी कड आली होती, आणि मामांनी ती पत्रिका नुसती घडी करून खिशात ठेवली. चूक काढली नाही. त्या दिवशी मामी घरी येऊन रडल्या.

पुढे दर रविवारी मी त्यांचे डोळे झाले. मी भिंगातून बघून वर्णन करायचं, त्यांनी मान डोलवायची. एकदा चेहरा फारच उतरलेला दिसला म्हणून मी एक फरक रचला. "अहो मामा, ह्याच्या कानाला पिवळा जास्त लागलाय!"

"अल्बमातलं तिसरं ना? त्याचा कान टोपीखाली आहे, सूनबाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटच्या हिवाळ्यात मामा क्रांकनहाउसमध्ये, म्हणजे इस्पितळात होते. मी ती जोडी घेऊन गेले, खिडकीशी धरली, आणि दिसलं! एका कार्डावर सदऱ्याच्या खालच्या बटणात दोऱ्याचा बारीक काळा ठिपका होता, दुसऱ्यावर नव्हता. मामा जन्मभर रंग तपासत आले आणि फरक होता काळ्यात. मी सांगितलं. त्यांनी चाचपडत माझा हात धरला आणि थोपटला.

"गेनाऊ, बरोबर, असेल हं. पण आता मन नको राखूस, बाळा."

"मामा, शपथ! खरंच आहे!"

"बरं," म्हणाले आणि हसून डोळे मिटले. गुरुवारी ते गेले.

ती जोडी आता माझ्याकडे आहे. घरी येईल त्याच्या हातात मी भिंग देते, आणि ठिपका प्रत्येकाला दिसतो. ज्याने वीस वर्षं शोधला, त्या एकालाच मी तो पटवू शकले नाही. आड आला तो माझा पिवळा कान.