दोन शेपट्यांची गॅलेक्सी

"मॅडम, एक न्हाय, दोन शेपट्या हायत," शबाना म्हणाली आणि मला ऑफिसच्या चाकांच्या खुर्चीसकट ढकलत आपल्या स्क्रीनसमोर घेऊन गेली.

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात खगोलशास्त्र शिकवते. शबाना पेठ वडगावची, वडिलांचं सोफे शिवायचं दुकान आहे. ती माझ्याकडे पीएचडी करते. त्याच दुपारी तिच्या कामाचा आढावा घेणारी कमिटी बसणार होती. मागच्या खेपेला त्यांनी साफ सुनावलं होतं, ठोस काही दाखवा, नाहीतर फेलोशिप बंद. फेलोशिप गेली की पीएचडीही गेली, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

काम काय ते सांगते. काही गॅलेक्सींच्या मधोमध अजस्र ब्लॅक होल असतं. त्यात पडणारा वायू पडण्याआधी तापून इतका उजळतो की बाकीची गॅलेक्सी दिसतच नाही. पन्हाळ्याच्या घाटात समोरच्यानं फुल लाइट मारला की मागे ट्रक आहे की जीप ते कळत नाही, तसं. तो लाइट काढायला आम्ही, ज्या अवकाश दुर्बिणीनं गॅलेक्सी टिपली तिनंच टिपलेला एखादा एकटा तारा, म्हणजे नुसता उजेडाचा ठिपका, घेतो आणि कॉम्प्युटरवर गॅलेक्सीच्या फोटोतून वजा करतो. उरते ती गॅलेक्सी. तिला शेपटी दिसली तर समजायचं, ही दुसऱ्या गॅलेक्सीला घासून गेली आणि ओढाताणीत तारे बाहेर खेचले गेले. ब्लॅक होलला खाद्य कुठून मिळालं, याचा तो धागा.

आणि इथे चक्क दोन. मी उठून थोडी नाचले. शबानानं तोवर अब्बांना फोन करून टाकला होता.

आमच्यासोबत काम करणाऱ्या पुण्याच्या सरांना व्हिडिओ कॉल लावला.

"सुंदर," सर म्हणाले. "दोन्ही अगदी एका रेषेत, पट्टीनं आखल्यासारख्या. शून्याखाली काय दिसतंय?"

नको तिथे वजाबाकी झाली की उजेड शून्याखाली जातो. तो भाग आम्ही स्क्रीनवर नुसता काळा ठेवतो. शबानानं शून्याखालचं निळं दिसेल असे रंग बदलले. शेपट्यांना छेद देत तेवढ्याच लांबीच्या दोन निळ्या रेघा उमटल्या.

"गेलं सगळं," ती म्हणाली. "घरी सांगून बसलोय की मी."

नडली ती आमच्या लॅबची शिस्त. कुठलाही फोटो आला की तो आधी फिरवून उत्तर दिशा वर करायची, नकाशासारखी. पण या दुर्बिणीचे आरसे षटकोनी. प्रत्येक तेजस्वी ठिपक्याला फोटोत सहा मोठे किरण फुटतात आणि आरशापुढच्या एका दांड्यामुळे दोन छोटे. ही नक्षी दुर्बिणीची, आकाशाची नव्हे. तारा आणि गॅलेक्सी टिपले वेगवेगळ्या महिन्यांत, आणि मधल्या काळात दुर्बीण नेमकी वर्तुळाच्या सहाव्या हिश्शानं वळलेली. त्यामुळे उत्तर वर केल्यावर मोठे किरण मोठ्यांवर चपखल बसले आणि आम्हाला शंकाही आली नाही. ताऱ्याचे छोटे दोन नको तिथे वजा होऊन निळ्या रेघा झाले, गॅलेक्सीचे छोटे दोन तेवढे उघडे पडले. त्यांनाच आम्ही शेपट्या म्हणत होतो.

"न फिरवता वजा करा," सर म्हणाले.

शबानानं केलं. दोन्ही शेपट्या गायब. मी सांत्वनाचं वाक्य जुळवत होते, तेवढ्यात ती स्क्रीनला नाक लावून म्हणाली, "मॅडम, ह्ये काय हाय?"

एका अंगाला फिकट, वाकडी, मध्येच विरलेली एक पट्टी.

मी पुन्हा नाचायच्या बेतानं उठायला लागले. "बसा वो जरा," ती म्हणाली. आणखी एका महिन्यातला त्याच गॅलेक्सीचा फोटो तिनं शोधून काढला, त्यातूनही तारा तसाच न फिरवता वजा केला, मग दोन्हींची उत्तर वर केली. दुर्बीण वळली की तिची नक्षी वळते, आकाश वळत नाही. पट्टी जागची हलली नव्हती. मग मात्र आम्ही दोघी नाचलो, आणि सर पुण्यातून टाळ्या वाजवत होते.

कमिटीत एकानं विचारलंच, ही खरी कशावरून? शबानानं आधी आमच्या खोट्या दोन दाखवल्या, मग खरी. फेलोशिप चालू राहिली.

बाहेर येऊन तिनं अब्बांना फोन लावला, दोन नाही, एकच निघाली म्हणून. त्यांनी तडक मला फोन द्यायला लावला. "मॅडम, एक तर एक. पर खरी हाय न्हवं?"

"खरी हाय," मी म्हणाले.

आमच्या धंद्यात खरी गोष्ट बहुधा फिकट आणि वाकडी असते. सरळ आणि झळझळीत काही सापडलं, तर आधी दुर्बिणीची चौकशी करावी.