सौ. सुमन शाल देतील

सुहृदहो,

आज सकाळी जळगावातील आमच्या आंतरराष्ट्रीय शाळेत नव्या नाट्यशिक्षिकेचा परिचय करून देण्याचे काम माझ्याकडे होते. नव्वदच्या दशकात शाळा सुरू झाली, तेव्हापासून परिचय मी करून देतो आणि शिक्षिकांना शाल व श्रीफळ माझी पत्नी सुमन देत असे.

बाई धरणगावच्या आहेत, मुलांच्या एकांकिका बसवतात, हे सांगून झाल्यावर मी सवयीने म्हणालो, "आता सौ. सुमन त्यांचे स्वागत करतील," आणि शेजारच्या खुर्चीकडे वळलो.

सुमन या उन्हाळ्यात गेली.

मी त्या रिकाम्या खुर्चीकडेच पाहत राहिलो. तेव्हा नव्या बाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "आबा, रंगमंचावर चुकलं तर थांबायचं नसतं. तुम्हीच द्या, चालस, काही बिघडत नाही."

मी शाल त्यांच्या हातात दिली. पुरुषाने ती बाईंच्या खांद्यावर घालू नये, हा सुमनचाच दंडक होता.

घरी हे सांगण्यास कोणी नाही, म्हणून येथे लिहीत आहे. खरे सांगायचे तर, चूक कळण्यापूर्वीचा तो क्षण फार सुखाचा होता. आपणांपैकी कोणास असा क्षण लाभला आहे काय?